क्लच पुरा दाबला होता

"दाबला होता! पुरा दाबला होता क्लच! तरी गाडी थांबली न्हाई!"

"पुरा दाबला असता तर सुटला असता, अण्णा."

"म्हंजे मी खोटं बोलायलोय? हा पाय बघ. ह्यो पण खोटं बोलायलाय का?"

एवढं भांडण कोंडाबाईनं गॅरेजच्या पत्र्यामागं उभं राहून ऐकलं. हातात भाकरीचं फडकं होतं. नवऱ्याला जेवण द्यायला ती आली होती आणि आवाज ऐकून पत्र्याआड थांबली होती. पत्र्याला खिळ्याएवढं भोक होतं. त्यातून तिला एक कुबडी दिसत होती, प्लास्टरातला एक पाय दिसत होता आणि आपल्या नवऱ्याचे, बाबूलालचे, काळे झालेले हात दिसत होते. ते हात नुसते लोंबत होते. बाबूलालचे हात रिकामे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"मला एवढंच सांग, बाबूलाल," कुबडीवाला म्हणाला. "गाडी माझ्या हातात द्यायच्या आधी तू स्वतः बसून बघितलास का? एक चक्कर तरी?"

मग बाबूलाल म्हणाला, "न्हाई."

कुबडीचा आवाज रस्त्याकडं गेला. कोंडाबाई आल्या पावली घरी परतली. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आज भाकर कामून आणली न्हाईस?" तेव्हा ती म्हणाली, "भाजी करपली." भाजी करपली नव्हती. आतून दुसरंच काहीतरी करपलं होतं. क्लच पुरा का दाबला गेला नाही, हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या कोंडाबाईला.

झालं होतं असं. कुबडीवाला म्हणजे अमरनाथ. भालकीजवळच्या साखर कारखान्यात तो उसाच्या काट्यावर कारकून होता. त्याची काळी मोटारसायकल आठ महिने कडब्याच्या खोलीत पडून होती. गळीत सुरू झालं तशी ती त्यानं बाबूलालकडं आणली. गाडी फार दिवस उभी राहिली की क्लचच्या प्लेटी वाळलेल्या तेलानं एकमेकींना चिकटतात. मग मूठ कितीही आवळा, इंजिन चाकाला सोडत नाही. रुसलेल्या नवरा-बायकोला लांब बसवता येतं, पण चिकटलेल्यांना कोण लांब करणार! खरं तर क्लच उघडायला पाहिजे होता. पण गळिताचे दिवस, दारात सात गाड्या. बाबूलालनं गाडी गिअरमध्ये घातली, मूठ दाबली आणि मागून जोराचा रेटा दिला. पोटात 'टक्' झालं, प्लेटी सुटल्या. "चालतीय अण्णा, घेऊन जावा," म्हणाला, आणि दोघं समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

तेवढ्यात भाकर घेऊन आलेल्या कोंडाबाईनं आपलं काम उरकलं.

तिचं काम म्हणजे एक लिंबू, पाच मिरच्या आणि एक बिब्बा तारेत ओवायचा आणि गाडीला बांधायचा. हे बाबूलालला ठाऊक नव्हतं. त्याच्या बापानंच घरातले देव उतरवून बुद्धाचा फोटो लावला होता. "आपल्या घरात लिंबू जेवणात, मिरची ठेच्यात," असं बाबूलाल म्हणायचा. कोंडाबाईही वंदनेला सगळ्यात पुढं बसायची. पण फोटो बदलले म्हणून भीती थोडीच बदलते? ती माहेरहून आलेली असते, लुगड्याच्या गाठीत बसून. मागच्याच आठवड्यात एक जण उसाच्या गाडीखाली गेला होता. आपल्या दारातून गेलेला माणूस धड घरी पोचावा, एवढंच तिला वाटे. म्हणून ती पुढच्या मडगार्डच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी तार बांधायची.

त्या दिवशी मात्र दोघं चहा संपवून लवकर उठले. खाली वाकायला सवड नव्हती. हाताशी आलं तिथं, हँडलच्या डाव्या मुठीच्या आत, क्लचच्या दांडीमागं, तिनं तारेला घट्ट पिळा दिला आणि बाजूला झाली. बिब्बा म्हणजे काय लिंबू न्हवं, की दाबलं आणि फुटलं.

बाबूलाल पुढच्या गाडीकडं वळला होता, आणि हँडलच्या लिंबाचं अमरनाथला नवल वाटलं नाही, गळितात निम्म्या गाड्यांना ते असतंच. तो कारखान्याच्या गेटापर्यंत गेला. पुढं उसाच्या गाड्यांची रांग होती. त्यानं क्लच आवळला, ब्रेक मारला, पण इंजिन ओढतच राहिलं. काळी गाडी सरळ बैलगाडीच्या चाकात शिरली. पाय तीन ठिकाणी मोडला. तो माणूस पुढं जन्मभर लंगडला. गाडी त्यानं शेडात ढकलली ती कायमची.

त्यानंतर कोंडाबाईनं एकाही गाडीला दोरासुद्धा बांधला नाही. बाबूलालनं मात्र दोन नियम केले. पहिला नियम, स्वतः बसून रेल्वे गेटापर्यंत जाऊन आल्याशिवाय गाडी गिऱ्हाईकाला द्यायची नाही. दुसरा, हँडलला काही म्हणजे काही टांगायचं नाही. साधी पिशवीसुद्धा नाही. पहिल्या नियमाचं गावानं कौतुक केलं. दुसरा ऐकला की कोंडाबाई हातातलं काम टाकून आत जायची. ह्यांनी हा नियम कामून केला? ह्यांना कळलंय का? पण विचारावं तर उत्तर येईल, या भीतीनं काही प्रश्न घरात तसेच म्हातारे होतात.

रेल्वे गेटाशी भाजीवाल्या बसतात. आता गाडी न्यायचीच आहे तर फेरी रिकामी कशाला जाऊ द्यायची? म्हणून बाबूलाल प्रत्येक ट्रायलला कोथिंबीर-मिरची घेऊन यायचा. हँडलला पिशवी लावायची नाही, म्हणून शर्टाच्या आत, पोटाशी धरून. कोंडाबाई वास घ्यायची आणि म्हणायची, "आणली का पेट्रोलची फोडणी?" तो म्हणायचा, "धू." एकोणतीस वर्षं त्या घरात कोथिंबीर अशीच आली.

आता बाबूलाल एकाहत्तरचा, गॅरेज घराच्याच दारात आणलेलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. बोटांना मुंग्या यायच्या, पाना हातातून निसटायचा. लेक मैत्रेयी नौबादला असते. ती फोनवर रोज एकच पाढा म्हणायची, "बाबा, गॅरेज बंद करा." तो म्हणायचा, "दिवाळी होऊ दे." दिवाळ्या होऊन गेल्या, पण कुठली दिवाळी ते त्यानं सांगितलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारात टेम्पो थांबला. पुढून चाळिशीची एक बाई उतरली, मागून दोन हमालांनी ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी उतरवली.

"ओळखलं का काका? मी हेमावती. काट्यावरच्या अमरनाथांची लेक."

कोंडाबाई ओट्यावर तांदूळ निवडायली होती. तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

हेमावती बसवकल्याणला शाळेत शिकवते. बाप जाऊन वर्ष झालेलं. "अप्पानं ही गाडी विकली न्हाई, आणि कुणाला हात लावू दिला न्हाई," ती म्हणाली. "मला एकदा ही कारखान्याच्या गेटापर्यंत चालवत न्यायची हाय. गेटाच्या पुढं. अप्पाची तेवढी वाट राहिली."

बाबूलालनं ताडपत्री काढली. धूळ, कोळिष्टकं, धडकेत वाकलेलं पुढचं चाक, उंदरांनी कुरतडलेलं सीट. तो गाडीभोवती एक फेरा मारून आला आणि घरात पाणी प्यायला गेला. कोंडाबाईचे डोळे मात्र एकाच जागी गेले होते. डाव्या मुठीपाशी. लिंबू-मिरच्या केव्हाच्या गेल्या होत्या. गंजलेल्या तारेचा पिळा तसाच होता, आणि त्यात काळा, चकाकणारा बिब्बा. एकोणतीस वर्षं तिथंच बसून तो जणू तिची वाट बघायलाय, असं तिला वाटलं.

ती उठली. "धूळ पुसते," म्हणाली. एका हातात फडकं घेतलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याचीच पक्कड उचलली. हेमावती फोनवर बोलत होती. तार कट् कन तुटली. बिब्बा आणि तार कोंडाबाईनं कनवटीला खोचली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. एकाच खड्याला तिनं तीनदा उचललं आणि तीनदा ठेवलं.

बाबूलाल बाहेर आला, चष्मा लावला. डाव्या मुठीवरून त्यानं अंगठा फिरवला. सगळ्या दांडीवर गंज होता, पण एका जागी तारेच्या रुंदीचा कोरा पट्टा राहिला होता.

"इथं कायतरी होतं," तो म्हणाला.

"काय होतं?" कोंडाबाईनं विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्या बाईचा वाटला.

"काय की," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

पुढचे चार दिवस तिचे कसे गेले ते तिलाच माहीत. कनवटीतला बिब्बा वाळून लाकूड झालेला, तरी पोटाला चटका बसल्यासारखा वाटायचा. वाटेत फेकावा, तर कुणाच्या पायाखाली येईल. चुलीत घालावा, तर बिब्ब्याचा धूर ह्यांना लगेच ओळखू येईल. ठेवून घेतला.

वाकलेलं चाक आणि टायर बाबूलालनं बदलले. इंजिन जाम झालं नव्हतं, एवढं नशीब. डिझेल सोडून, किक मारून दोन दिवसांत ते खोकायला लागलं. पण क्लच सुटेना.

"केबल बदलली की होईल ना, काका?" हेमावती शनिवारी आली तेव्हा म्हणाली.

"बाहेरून आत जायचं असतं, बाई. आधी केबल, मग मूठ, मग पोट. माणसाचं पण तसंच. डॉक्टर काय पहिल्यांदाच पोट फाडतो का?"

त्यानं नवी केबल घातली. मुठीला जरासा ढिला ठेवला. दांडी पुन्हा पुन्हा दाबून बघितली, सोडली, दाबली. 'मूठ' म्हटलं की कोंडाबाईचा हात कनवटीला जायचा. मग त्यानं गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि हेमावतीला म्हणाला, "आता हळूच ढकल." गाडी हलली, पण मागचं चाक फिरेना, मातीत फरफटत गेलं.

"केबल ओढायलीय, पण प्लेटी सोडायल्या न्हाईत."

"मग जोरात रेटा देऊ या का? मोबाईलवर दाखवतेत तसं. एकदम सुटतंय म्हणे."

"न्हाई!" बाबूलाल ओरडला. रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. गिऱ्हाइकावर ओरडताना कोंडाबाईनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "रेटा नको. उघडूनच बघायचं."

रविवारी क्लच उघडला. या जुन्या गाडीच्या प्लेटींवर बुचाचे तुकडे बसवलेले असतात, बाटलीच्या बुचासारखेच. पातळ सुरी आणि रॉकेल घेऊन तो एकेक प्लेट सोडवत बसला. कोंडाबाई लांबून बघत होती. मधेच त्याचे हात थांबले. त्यानं काहीतरी चिमटीत उचललं, चष्म्याजवळ नेलं, आणि तंबाखूच्या डबीत टाकून डबी खिशात घातली. तिला विचारायचं होतं, काय सापडलं? पण ज्याच्या कनवटीला चोरी असते त्यानं दुसऱ्याची डबी उघडायला सांगू नये.

"प्लेटी तेलात भिजवाव्या लागतेत. रुंद भांडं दे कायतरी."

"घमेलं हाय की."

"घमेल्यात माती हाय. परात दे."

"भाकरीची परात? अहो, जीव गेला तरी न्हाई!"

परात गेली. दोन दिवस कोंडाबाईनं पीठ पातेल्यात मळलं आणि परातीतल्या काळ्या तेलात बुडलेल्या त्या सहा चकत्यांना येता-जाता शिव्या दिल्या. शिव्या दिल्या की भीती जरा लांब बसते.

मंगळवारी हेमावती रजा काढून आली. क्लच बसवला होता. गिअर टाकून, मूठ दाबून ढकललं तर चाक लोण्यासारखं फिरलं. बाबूलाल शर्टाची बटणं लावायला लागला. म्हणजे ट्रायल. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर चाललेले, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या. आणि ह्यांचा एक डोळा अर्धा.

"तुमी जाऊ नका," कोंडाबाई म्हणाली. "तिला जाऊ द्या. तिची गाडी हाय."

"माझ्या दारातून कुठली गाडी अशी गेलीय, कोंडे? ही शेवटची. हिच्यानंतर कुलूप. मैत्रेयीला सांग."

हेमावती म्हणाली, "काका, एक सांगायचं राहिलं. अप्पा शेवटी शेवटी म्हणायचे, बाबूलालचंच बरोबर होतं. मीच घाबरून अर्धा दाबला असंल. उगी त्याला बोललो."

बाबूलालचं बटण अर्ध्यावर राहिलं. त्यानं खिशातली डबी काढून हेमावतीच्या हातात दिली. आत बुचाचे दोन कपचे होते, चुरगळलेले.

"रेटा दिला तवा हे फाटले. प्लेटींच्या मधी अडकून बसले. क्लच सुटणार कसा? मी त्या दिवशी उघडून बघितलं असतं तर तुझे अप्पा नीट चालले असते. त्यांचं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं." त्यानं हँडल धरलं. "म्हणून ही फेरी मीच करणार. हिला माझ्याकडून काय घ्यायचं असंल ते घेऊ दे."

हे शेवटचं वाक्य ऐकून कोंडाबाई ओट्यावरून खाली उतरली. मरायला निघालेला माणूस असंच बोलतो. एकोणतीस वर्षांची भीती एका बाजूला आणि ही आत्ताची एका बाजूला. आत्ताची मोठी निघाली.

तिनं कनवटीतनं बिब्बा काढला, तारेसकट, आणि गाडीच्या सीटवर ठेवला.

"हे मी बांधलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. मुठीच्या आत. तुमी चहा प्यायला गेलावता तवा. तुमचं भांडण झालं ते पण मी ऐकलं, पत्र्यामागून. आणि परवा ही गाडी आली तवा मीच ते तोडलं."

तिनं डोळे मिटले. आता आभाळ पडेल असं तिला वाटलं. आभाळ पडलं नाही.

"एकोणतीस वर्षं," तो म्हणाला, "मी त्या माणसाच्या मोडक्या पायाखाली झोपलो, कोंडे."

"व्हय."

"आणि तू शेजारी झोपलीस."

"झोपले कुठं?"

त्यानं बिब्बा उचलला. उजेडात धरून बघितला. त्याच्या एका अंगाला दांडीची खूण रुतलेली होती. मग, मेकॅनिकच तो, त्यानं बिब्बा पुन्हा मुठीच्या आत, त्या कोऱ्या पट्ट्यावर ठेवला आणि दांडी आवळली. दांडी दोन बोटं अलीकडंच थांबली. त्यानं दोन्ही हातांनी आवळली. तरी दोन बोटं.

बिब्बा काढून त्यानं डबीत, बुचाच्या कपच्यांशेजारी टाकला.

"अर्धं हे, अर्धं ते," तो म्हणाला. "एकट्या कपच्यांनी जराशी ओढली असती, त्यांनी सावरली असती. एकट्या बिब्ब्यानं पण सावरली असती. दोन्ही मिळून न्हाई."

"आणि अप्पाचं?" हेमावतीनं विचारलं.

"त्यांचं काहीच न्हाई. दांडी जेवढी दबत होती तेवढी त्यांनी दाबली होती. त्यांनी क्लच पुरा दाबला होता."

हेमावतीनं डबीचं झाकण लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. "हे सांगायला एक वर्ष उशीर झाला, काकू. मागच्या साली सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं."

कोंडाबाईनं मान खाली घातली. भीतीपायी आपण काय काय राखलं आणि कुणाचं काय बुडवलं, ते तिला त्या वेळी पहिल्यांदा नीट दिसलं.

थोड्या वेळानं हेमावतीच म्हणाली, "जावा काका. बघून या. पण गाडीला काय द्यायचं-बियचं न्हाई. नुसती चालवायची."

बाबूलालनं किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन पेटलं, निळा धूर झाला. त्यानं मूठ दाबली, गिअर टाकला, हळूहळू सोडली, आणि काळी गाडी ट्रॅक्टरच्या मागं रस्त्याला लागली.

ट्रायलचा वेळ कोंडाबाईला घड्याळात कळत नाही, तव्यावर कळतो. रेल्वे गेटापर्यंत जाऊन यायला चार भाकरी. ती परात घासून घेऊन बसली. चार वेळा पाणी बदललं तरी पिठाला तेलाचा वास येतच होता. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली. चौथी झाली. रस्त्यावरून ट्रॅक्टर जायचे, त्यांच्या आवाजात दुसरा आवाज ऐकू येत नव्हता. पाचवी तव्यावर टाकली आणि ती उलटायचं विसरली. कुठंतरी करकचून ब्रेक लागला. ती तशीच पिठाच्या हातानं दारात आली. हेमावती रस्त्याच्या मधोमध उभी राहून गेटाकडं बघत होती.

"दिसायलेत का?"

"न्हाई, काकू."

आत भाकरी करपायचा वास सुटला. यावेळी खरंच करपली.

मग मालगाडीची शिट्टी ऐकू आली, लांबून, आणि कोंडाबाईच्या ध्यानात आलं, गेट बंद असंल. तिनं दाराची चौकट सोडली. चौकटीवर पिठाची पाच बोटं उमटली होती.

ट्रॉल्यांच्या मागून काळी गाडी आली. दारासमोर थांबली. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, आणि डाव्या हातानं मूठ पुरी दाबलेली. गाडी थरथरत होती, पण जागची तसूभर पुढं सरकली नाही. बाबूलालनं तसंच थोडा वेळ उभं राहून हेमावतीला दाखवलं. मग उजवा हात शर्टाच्या आत घातला आणि कोथिंबिरीची जुडी आणि कागदातल्या मिरच्या कोंडाबाईपुढं धरल्या.

"कोथिंबीर सुकलीय," ती म्हणाली.

"गेट बंद होतं. उन्हात बसली होती भाजीवाली."

तिनं वास घेतला.

"आणली का पेट्रोलची फोडणी?"

"धू," तो म्हणाला, आणि गिअर काढून मूठ सोडली.